बिनफोडणीचा डबा

मी आरोग्य सेविका. गावात मला सिस्टर म्हणतात, म्हातारी माणसं नर्सबाई म्हणतात, आणि मी चिडले की माझ्या पाठीमागं काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. चिडते मी, मान्य. पण आमचं काम एखाद्या शांत स्वभावाच्या बाईनं वर्षभर करून दाखवावं, मी तिच्या पाया पडेन.

लस टोचणं, गरोदर बाया तपासणं हे तर सगळ्यांना दिसतं. त्याच्या जोडीला आणखी एक काम अखंड चालू असतं, ते म्हणजे नजर ठेवणं. कुणाला ताप आला, कुठल्या घरात एकदम तिघांना जुलाब लागले, कुठल्या गल्लीत डोळे पिवळे दिसतायत. साथ पसरायच्या आधी कळावी म्हणून दर आठवड्याला मोबाइलवर आकडे भरायचे. काहीच नसेल तर शून्य भरायचं, पण भरायचं. या सवयीपायी माणूस कामातून जातो. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई खोकली तर मी जिलबी बाजूला ठेवून विचारते, "किती दिवस झाले खोकल्याला?" माझा नवरा रेल्वेत आहे. त्याला शिंक आली तर तो आता उठून अंगणात जातो.

माझं माहेर माळशिरसकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. बदली होऊन आले ती होटगीच्या पलीकडच्या या गावात. इथं अर्धं गाव मराठी, अर्धं कन्नड, आणि भांडण दोन्ही भाषांत. आल्या आल्या मी एकच वाक्य पाठ केलं. "ज्वर बंदावेन?" म्हणजे, ताप आलाय का? त्याचं उत्तर शिकायला वेळ लागला नाही, कारण दारोदारी ते एकच मिळायचं. "इल्ल." नाही. घरात पोर कण्हतंय, आम्हाला दारात ऐकू येतंय, आणि ही बया म्हणते इल्ल!

त्यालाही कारण होतं. कोरोनात गल्लीत एक पेशंट सापडला की बांबू ठोकून गल्ली बंद व्हायची. दूध आत नाही, शेळ्या बाहेर नाहीत. तेव्हापासून गावानं एक धडा घेतला तो असा की आरोग्यवाल्यांना खरं सांगितलं की बांबू येतात. वरच्या गल्लीच्या टोकाला शेळ्या पाळणारी एक बाई राहते. तिची गल्ली तेव्हा सगळ्यात जास्त दिवस बंद होती. तोंडानं अशी फटकळ की मी तिच्यापुढं गरीब गाय ठरेन. आम्ही कोपऱ्यावर दिसलो की ती तिथूनच ओरडायची, "इल्ल! जावा फुडं!"

अशा गावात माझा सगळा भार होता तो आमच्या आशावर. आशा हे तिचं नाव नव्हे, काम. गावोगाव आरोग्याची निरोपी म्हणून जी बाई असते तिला आशाताई म्हणतात. ही गावचीच सून, माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं दोन्ही भाषा जिभेवर. वयानं माझ्याहून बरीच लहान. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, आणि कुणाचंही बाळ दिसलं की आधी उचलून कडेवर घेणार, मग आईशी बोलणार. तिला लोक "इल्ल" म्हणायचे नाहीत. लसीच्या दिवशी ती घराघरातून लेकरं गोळा करून आणायची, रडणाऱ्या आयांना गप्प करायची आणि पळणाऱ्या बापांना पकडायची. तिच्या शब्दावर गाव दंड पुढं करत होतं. माझ्या शब्दावर गावातलं कुत्रंसुद्धा उठून बाजूला होत नाही.

तर गेल्या थंडीच्या शेवटी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की शेजारच्या तालुक्यात गोवर निघालाय, ताप आणि अंगावर पुरळ असलेलं एकही मूल सुटता कामा नये. डॉक्टर तरुण आहेत, कामाला चोख, आणि माझ्या चिडण्यावर हसतात, त्यामुळं मला त्यांच्यावर चिडता येत नाही. आम्ही दोघींनी घरं पालथी घालायला सुरुवात केली.

गोवराचं इतर तापांपेक्षा एक वेगळं आहे. गोवर म्हटलं की आमच्याकडं आजार म्हणत नाहीत. "घरात आई आल्यात," म्हणतात. देवीच पाहुणी आली म्हटल्यावर तिचा मान राखायचा. दारात कडुलिंबाचा डहाळा, परक्याला आत घ्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे चुलीवर फोडणी द्यायची नाही. तेलात मोहरी-लसूण तडतडला की आईला त्रास होतो आणि ती लेकराच्या अंगावर राग काढते. म्हणून सगळं घर अळणी, उकडलेलं खातं. माळशिरसला आमच्या घरीही हेच. माझ्या लहानपणी माझ्या गोवरात माझा बाप आठवडाभर बिनफोडणीचं वरण गिळत होता आणि पुढं जन्मभर मला ते ऐकवत होता.

गाव आता हुशार झालंय. डहाळा दाराबाहेर लावला की सिस्टर येते, म्हणून तो आतल्या खोलीत लावतात. आम्ही फिरलो, विचारलं, इल्ल ऐकलं, आणि उन्हानं डोकं तापवून घेतलं.

दुपारी उपकेंद्राच्या ओट्यावर आम्ही दोघी डबा खायचो. तिचा डबा म्हणजे काय सांगू! ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि लसणाची अशी फोडणी दिलेली भाजी की झाकण उघडलं की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवायचा. मी माझी पोळी-भाजी तिच्यापुढं सरकवायची आणि तिचा डबा लाटायचा, असा आमचा करारच होता.

त्या आठवड्यात एके दिवशी तिनं डबा उघडला तर आत नुसतं उकडलेलं वरण आणि भात. मी म्हटलं, "काय गं, तेल संपलं का?" ती म्हणाली, "घाईत निघाले सिस्टर." दुसऱ्या दिवशी परत तेच. "नवऱ्याशी भांडलीस वाटतं. जेवणावर राग काढलास." ती हसली नाही. एरवी मी एक बोलले तर ती दोन बोलायची. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम अंड्याचं कालवण नेलं होतं, तिला लई आवडतं. तिनं डब्याकडं बघून मान फिरवली. "नको. पोटात बरं न्हाय."

मी कालवण ओरपत बसले आणि सहज आठवत गेले. सकाळी एका घरात गुटगुटीत बाळ रांगत तिच्या पायाशी आलं होतं, आणि तिनं ते उचललं नव्हतं. "मला पडसं झालंय," म्हणाली होती. आदल्या दिवशीही तसंच. पडसं? नाक तर कोरडं होतं. बाळ उचलत नाही, फोडणी नाही, अंडं नाही.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "अगं," मी म्हटलं, "तुझ्या घरात आई आल्यात का?"

तिनं डबा बंद केला. झाकण नीट बसेना म्हणून ते दाबत राहिली, आणि मग तोंडाला पदर लावून अशी रडली की मी घाबरले. तिची चार वर्षांची लेक तापानं फणफणली होती, अंगभर पुरळ होतं. सासूनं निक्षून सांगितलं होतं, बाहेर वाच्यता नाही. पण सासूचं एवढं नव्हतं.

"तिला लसच दिली न्हाय सिस्टर," ती म्हणाली. "पहिल्या डोसाला मी म्हायेरी होते. मग हितं आले तर दर बारीला लसीचा दिस म्हंजी माझी पळापळ. ह्याचं आण, त्याचं आण. घरचंच लेकरू हाय, फुडल्या खेपेला दिऊ. असं करत ऱ्हाऊनच गेलं. कुणी इचारलं बी न्हाय."

आशाच्या पोरीला लस दिली का, असं कोण विचारणार? भटजीला कुणी विचारतं का, आंघोळ केली का म्हणून!

"आता गाव काय म्हनंल? मी सांगितल्यालं कोन ऐकंल? माझं लेकरू बी जातंय आनि माझा शब्द बी जातोय."

मला भयंकर राग आला. रागाखाली भीतीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी फक्त म्हटलं, "रडून झालं असेल तर चप्पल घाल." वाटेत डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "सिस्टर, आधी श्वास बघा. मी गाडीची तयारी ठेवतो."

तिच्या दारात सासू आडवी उभी. सडपातळ म्हातारी, कपाळावर मोठं कुंकू, नजर अशी की चोर उलट पावली पळावा. "बाई, आत यायचं न्हाय. आईला चालत न्हाय."

एरवी मी तिथंच तोंड सोडलं असतं. पण माझ्या आईनंही माझ्यासाठी असाच उंबरा अडवला होता, आणि ती काही माझी वैरीण नव्हती. मी चपला फाटकाबाहेर काढल्या. नळाला पाणी नव्हतं, तर रांजणातलं तांब्याभर घेऊन पाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला. "मावशी," मी म्हटलं, "पाहुणीच्या पाया पडायला आलेय. तेवढं तरी करू द्याल की न्हाय?"

पाया पडायला आलेल्या बाईला नाही कसं म्हणणार! ती तसूभर सरकली, मी आत शिरले. कोपऱ्यात दिवा, तांब्या, कडुलिंब. मी खरंच हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, "आई, तुझा मानपान सगळा झालाय. आता ह्या लेकराचा श्वास मला बघू दे." पाठीमागं म्हातारीनं पण हात जोडल्याचं मला तिच्या बांगड्यांवरून कळलं.

पोर गोधडीवर पडली होती. डोळे लाल, तोंड सुकलेलं, पुरळ चेहऱ्यावरून पार पायापर्यंत उतरलेलं. मी फ्रॉक वर केला. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. एवढुसा जीव, आणि हवा ओढायला सगळं अंग लावत होता. गोवर छातीत उतरला होता. आता सोलापूरच, आणि तेही लगेच.

"आई घरात असताना लेकराला उंबऱ्याभाईर काढत न्हाईत," सासू म्हणाली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमची आशा बोलली. लग्न झाल्यापासून सासूपुढं मान वर करून ती कधी बोलली नसेल, निदान मी तरी ऐकलं नव्हतं.

"आत्या, दुसऱ्यांच्या लेकरांना दवाखान्यात न्या म्हनून मी गावभर बोंबलत हिंडते. आज माझीच न्हेली न्हाय, तर मी आई कसली?" आणि तिनं गोधडीसकट लेकीला उचललं.

म्हातारी बघतच राहिली. घराचा उंबरा ओलांडून सून अंगणात गेली तरी ती हलली नाही. मला वाटलं आता शिव्याशाप सुरू होतील. पण ती आत वळली, कोपऱ्यातला कडुलिंबाचा डहाळा घेतला, तांब्या घेतला, आणि सुनेच्या मागं निघाली.

"कुठं निघालात मावशी?"

"पोरीसंगं आई बी जानार की. तिला एकटी कशी सोडू?" डॉक्टरांनी पाठवलेल्या गाडीत पाय ठेवताना ती जरा घुटमळली. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आईला गाडी लागंल का हो?"

"खिडकीपाशी बसवू," मी म्हटलं. त्या मरणाच्या घाईतही ड्रायव्हरनं एक खिडकी उघडून दिली. देवमाणूस!

सोलापूरच्या दवाखान्यात मुलीला वेगळ्या खोलीत ठेवलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. तिथल्या बालरोगवाल्या बाईंनी उशाशी डहाळा बघितला, म्हातारीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "पानं जरा लांब, खिडकीत ठेवा. नळी मात्र कुणी काढायची नाही." इतक्या साध्या वाटाघाटीवर तह झाला. अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला, रक्ताचा नमुना तपासणीला गेला. म्हातारीनं दवाखान्यातली आमटी वासावरूनच परत पाठवली आणि सगळ्या वॉर्डाला फोडणी का वाईट यावर कन्नडमध्ये व्याख्यान दिलं. समोरच्या खाटेजवळची उर्दू बोलणारी एक आजी तिला प्रत्येक वाक्याला "हौ, हौ" म्हणत होती. दोघींना एकमेकींचं किती कळलं देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत त्या पानाचा डबा वाटून घेत होत्या.

दोन रात्री वाईट गेल्या. मग पोरीनं डोळे उघडून बिस्कीट मागितलं, आणि मी वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी नाक ओढत होते. "सिस्टर, तुम्हाला पडसं झालंय का?" त्यांनी विचारलं. "किती दिवस झाले?" असा राग आला म्हणता! आणि असं हसू आलं.

तपासणीत गोवरच निघाला. म्हणजे आता गावात आणखी लेकरं असणार, दाराआड, अळणी जेवत. त्यांना शोधायचं कसं? माझं कोण ऐकणार? ऐकलं असतं ते आशाचं.

आणि आशा घरातून बाहेर पडेना. पोरगी घरी आली, खेळायला लागली, तरी ही बाहेर येईना. मी गेले तर म्हणाली, "सिस्टर, दुसरी आशा बघा. मी कुठल्या तोंडानं जाऊ? लोक म्हनतील, हिच्याच घरात झालं."

"म्हणतील," मी म्हटलं. "म्हणणारच. आणि तू घरात बसलीस तर काय म्हणायचे राहतील का? तुझी पोर दवाखान्यात गेली म्हणून वाचली. दाराआड जी पडलीत त्यांचं कोण? तुझ्याशिवाय ती दारं मला उघडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. माझा जीव जळतो कबूल करताना, पण तसं आहे."

तिच्या सासूनं मध्येच आतून आवाज दिला. "जा की गं. लाजून आय-माय व्हता येत न्हाय." त्या म्हातारीला तेव्हा मिठी मारावीशी वाटली मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वरच्या गल्लीत शिरलो. आशाची चाल तुरुतुरु नव्हती. पहिल्याच दारात ती उभी राहिली आणि ताप आहे का वगैरे काही विचारलंच नाही. सरळ म्हणाली, "अक्का, माझ्या लेकीला गोवर झाला. लस द्यायची मीच ऱ्हायले. छातीत उतरला, मरता मरता वाचली. तुमच्यात कुनाला असंल तर सांगा. बांबू न्हाय येनार, डाक्टर येनार." मराठी घरात मराठीतून, कन्नड घरात कन्नडमधून. प्रत्येक दारात तेच, तसंच. मी मागं उभी. मला वाटत होतं, पुरे गं, एकदा सांगितलंस ना. पण ती सांगत गेली.

लोकांनी ऐकलं. कुणी चुकचुकलं, कुणी दार लोटून घेतलं. एकीनं सुनावलं, "आमच्या पोराला टोचताना बरं आठवलं तुला!" ती "व्हय, चुकलंच," एवढंच म्हणाली.

मग टोकाचं घर. शेळ्यांची बाई दारातच उभी होती, हातात पाला. तिनं सगळं ऐकून घेतलं. आणि मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लोकाला सांगं ब्रह्मज्ञान, आपुन कोरडं पाषाण! गावाच्या लेकरांना टोचत हिंडली आनि सोताच्या लेकीला इसरली. आनि आता आमाला शिकवाया आलीय!"

माझं डोकं भडकलं. मी पुढं झाले, तर आशानं माझं मनगट धरलं. "खरं बोलतीया ती," ती मला म्हणाली, आणि वळली. आम्ही परत निघालो. ती पदरानं डोळे पुसत होती, आणि मी त्या बाईला मनातल्या मनात जे काही म्हणत होते ते दोन्ही भाषांत म्हणत होते. गल्ली तशीच. एकाही दारातून कुणी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, गेलं सगळं. पोरगी वाचली, पण हिचा शब्द मात्र गेला.

गल्लीच्या कोपऱ्यावर आलो तोच मागून पावलं वाजली. ती शेळ्यांची बाई पळत येत होती, अनवाणी, पाला अजून हातातच. धापा टाकत आशापुढं उभी राहिली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"तुझी लेक," ती म्हणाली, "खरंच बरी झाली न्हवं?"

"व्हय."

"श्वास घ्याया लागली नीट?"

"लागली अक्का. काल बिस्किटासाठी मार खाल्ला तिनं माझा."

बाईनं तोंडावर हात ठेवला. मघाचा तो फटकळ आवाज कुठल्या कुठं गेला होता. "माझी नात," ती म्हणाली, "लई कन्हतीया. शेजारच्या घरात बी दोघं हायती, ती सांगायची न्हाईत. तू चल की. तूच चल."

आशानं नाक पुसलं आणि पिशवी खांद्यावर सारखी केली. "पुरळ आदी कुटं दिसलं," तिनं विचारलं, "कानामागं का पोटावर?" आणि उत्तर ऐकत ऐकत ती तुरुतुरु पुढं निघालीसुद्धा.